पोरांची दोतोर्न आणि साष्टीतला इंग्रज पाद्री: फादर थॉमस स्टीफन्स यांची गोष्ट

मराठीची थोरवी सांगायची वेळ आली की फादर स्टीफन्स यांचं नाव निघतंच. त्यांनी मराठीची केलेली स्तुती शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या गेली. मराठी दिनाच्या कार्यक्रमात ती कुणीतरी म्हणतं, टाळ्या पडतात आणि विषय तिथेच संपतो. पण त्या ओव्या ज्या 'ख्रिस्तपुराणा'त आहेत, त्या ग्रंथाची सुरुवात कुठे होते हे फारसं कुणी सांगत नाही. ती होते पोरांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात.

प्रसंग साष्टीतल्या एका चर्चमधला आहे. रविवार आहे, पाद्री मुलांना दोतोर्न शिकवतो आहे. दोतोर्न म्हणजे ख्रिस्ती धर्माचे पहिले धडे. गोव्यापासून मंगळूरपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत आजही हाच शब्द चालतो. मुलांचं पाठांतर ऐकत एक जाणता ब्राह्मण बाजूला बसलेला आहे, अर्थात नवा ख्रिस्ती झालेला. तो पाद्रीबाबांपाशी एक गाऱ्हाणं मांडतो. पोरांना शिकवता ते चांगलंच, पण आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी तुमचं पुराण आम्हाला का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा रोख. साधारण अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ या एका तक्रारीचं उत्तर म्हणून उभा राहतो.

हा प्रसंग तसाच घडला की कवीने प्रस्तावनेसाठी रचला, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. त्यात सांगितलेली अडचण मात्र शंभर टक्के खरी होती.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म साधारण १५४९ चा. गाव बुशटन, इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात. वडील व्यापारी. गोव्यातल्या पोर्तुगीज कागदांत हेच गाव पुढे बुस्तेन झालं, आणि काही लोकांनी ते त्यांचं आडनावच समजून टाकलं. सामान्य लोकांसाठी ते पाद्री एस्तेव्हांव.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणं जोखमीचं होतं. राणी एलिझाबेथच्या राज्यात जुन्या धर्माची उघड उपासना गुन्ह्यात जमा होती. स्टीफन्स यांचा जवळचा मित्र थॉमस पाउंड याच कारणावरून तुरुंगात गेला. दोघांचं मिळून रोमला जायचं ठरलं होतं, शेवटी स्टीफन्स एकटेच गेले. १५७५ च्या ऑक्टोबरमध्ये ते रोममध्ये येशूसंघात, म्हणजे जेझुइट पंथात, दाखल झाले. स्वतःच्या देशात स्वतःचा धर्म पाळायची मोकळीक नाही म्हणून घर सोडलेला हा माणूस पुढे जिथे पोचला, तिथे त्याच्याच धर्माच्या राज्यकर्त्यांनी दुसऱ्यांची तीच मोकळीक काढून घेतली होती. ही गोष्ट त्यांच्या चरित्रात फार कमी वेळा लिहिली जाते.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला लागले. साडेसहा महिन्यांचा प्रवास. वाटेत जहाजावर रक्तपिती पसरली, दीडशेहून जास्त माणसं आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. पोचल्यावर सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात वादळ आहे, मासे आहेत, नारळाचं झाड आहे आणि इथले लोक काय पितात तेही आहे. हे पत्र पुढे रिचर्ड हॅक्लुइट याच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं गेलं आणि लंडनच्या व्यापाऱ्यांनी ते आवडीने वाचलं. हिंदुस्थानात येऊन कायमचा राहिलेला, कागदोपत्री नोंद असलेला पहिला इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचंच नाव घेतलं जातं. ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. तिला अजून एकवीस वर्षं होती.

१५८० मध्ये गोव्यात त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची रवानगी साष्टीत झाली. मग थोडाफार काळ वगळता जवळपास चाळीस वर्षं ते साष्टीचेच झाले.

ही साष्टी म्हणजे मुंबईजवळची नव्हे. मडगाव, राय, लोटली, राशोल, कुंकळ्ळी या भागातली सहासष्ट गावांची साष्टी. बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. धर्मप्रसारासाठी बार्देश फ्रान्सिस्कनांकडे गेला आणि साष्टी जेझुइटांकडे. स्टीफन्स येण्याच्या दहा-बारा वर्षं आधीच इथली देवळं पाडून झाली होती. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, लोटलीचा रामनाथ बांदोड्याला. नदीपलीकडचं फोंडं तेव्हा आदिलशहाच्या मुलखात होतं, म्हणून देव वाचले. बेळगाव-खानापूरकडून दर वर्षी कुळदैवताला जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांना आपला देव मूळ जागी का नाही, याचं उत्तर या काळात सापडतं.

लहान मुलांचा प्रश्न तर याहून नाजूक. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावे कायदा निघाला. हिंदूंची अनाथ मुलं ताब्यात घेऊन त्यांना गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात जेझुइटांच्या हाती सोपवायचं, तिथे त्यांचा बाप्तिस्मा करायचा आणि त्यांना धर्मशिक्षण द्यायचं. पुढे पुढे तर आई, आजोबा जिवंत असले तरी. म्हणजे त्या काळातलं धर्मशिक्षण हे सगळ्यांनी मनापासून मागितलेलं नव्हतं. साष्टीतल्या चर्चमध्ये रविवारी जी पोरं बसायची, त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी आजी अजून जुन्या देवाचं नाव तोंडातल्या तोंडात घेत असणार. जुन्या पोथ्या घरात सापडणं धोक्याचं होतं. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन बसलेलं होतं.

स्टीफन्स साष्टीत रुळतात न रुळतात तोच कुंकळ्ळी प्रकरण घडलं. कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, वेरोडे, आंबेली या गावांनी देवळं पाडण्याला आणि वसुलीला विरोध केला होता. १५ जुलै १५८३ रोजी चर्चसाठी जागा बघायला गेलेल्या पाच जेझुइटांना कुंकळ्ळीत लोकांनी ठार मारलं. बरोबरचे काही ख्रिस्तीही मेले. त्या पाचांत रुदोल्फो अक्वाविवा होते, जे अकबर बादशहाच्या दरबारातून नुकतेच परतले होते. मृतदेह मिळवून त्यांचं दफन करण्याच्या कामात स्टीफन्स होते. पुढे कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावण्यात आलं आणि तिथे त्यांना मारलं. चर्चने आपल्या पाच जणांना १८९३ मध्ये धन्य घोषित केलं. गावाने आपल्या प्रमुखांचं स्मारक बांधायला एकविसावं शतक उजाडलं.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला, गोव्यात पाय ठेवल्याला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, स्टीफन्स यांनी पॅरिसमधल्या भावाला पत्र लिहिलं. त्यात कुंकळ्ळीची हकिकत आहे, आणि शिवाय भाषांबद्दल काही ओळी आहेत. इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती आहे, असं त्यांनी नोंदवलं. विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात हाच विचार मांडला १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. जोन्स यांचं नाव झालं. स्टीफन्स यांचं हे पत्र विसाव्या शतकापर्यंत दप्तरात पडून होतं. सहकाऱ्यांना ठार मारल्याची बातमी आणि भाषेचं कौतुक एकाच पत्रात लिहू शकणारा माणूस कसा असेल, याचा अंदाज त्यावरून थोडाफार येतो.

वर्षअखेरीस आणखी एक गंमत झाली. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती असे चार इंग्रज होर्मुझहून कैदी करून गोव्यात आणले गेले. हेर असल्याचा संशय. धर्माने ते प्रोटेस्टंट राणीचे प्रजाजन, तरी स्टीफन्स यांनी त्यांना जामीन मिळवून द्यायला खटपट केली. पुढच्या वर्षी फिच आणि न्यूबेरी गोव्यातून निसटले, ते बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा असं करत अकबराच्या राज्यात गेले.

आता मूळ मुद्दा, भाषेचा. साष्टीत पाय रोवताच स्टीफन्स यांच्या लक्षात एक गोष्ट आली असणार, जी सीमाभागातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. घरात एक भाषा आणि पोथीत दुसरी. साष्टीतली माणसं घरात, शेतात, बाजारात कोंकणी बोलायची. पण देवळात पुराण ऐकायचं, कीर्तनाला बसायचं, तर ते मराठीत. ज्ञानेश्वर, नामदेवांची मराठी इथल्या लोकांच्या कानावर होती. बोलणाऱ्याला यात काही अडचण वाटत नव्हती. दोन्ही आपल्याच. भांडण लागलं ते पुष्कळ नंतर.

स्टीफन्स यांनी दोन्ही भाषा शिकून घेतल्या आणि दोन्हींना आपापली कामं वाटून दिली. मोठ्यांनी चर्चमध्ये एकत्र बसून ऐकायचं पुराण मराठीत. लहान पोरांनी पाठ करायची दोतोर्न कोंकणीत. इतकी साधी वाटणी. पण त्यांच्या आधीचे आणि नंतरचे कितीतरी शिक्षक आणि सरकारं याच ठिकाणी घसरली.

आधीची पद्धत काय होती? सेंट फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले, तेव्हा ते हातात घंटा घेऊन रस्त्याने फिरायचे, पोरं गोळा करायचे आणि चर्चमध्ये नेऊन त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घ्यायचे. चाल लावून म्हणायचं, पुन्हा पुन्हा म्हणायचं. पोरं तेच गाणं रस्त्यात, घरात म्हणत फिरायची. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी झेवियर यांची दोतोर्न त्यावर छापली गेली. ती पोर्तुगीजमध्ये होती. गावातल्या पोराने पोर्तुगीज वाक्यं घोकायची, अर्थ कळो न कळो. उच्चार बरोबर आला की धर्म आला, असा हिशेब.

गावोगाव चर्चला जोडून शाळा होत्या. तिथला मास्तर म्हणजे मेस्त अक्षरओळख करून द्यायचा, दोतोर्न घोकून घ्यायचा आणि जोडीला गाणं-वाजवणं शिकवायचा. गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला सूर आणि व्हायोलिन या शाळांनी दिलं. पुढे मुंबईच्या बँडपथकांत आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोंयकार वादक एवढे का दिसतात, त्याचं मूळ या प्राथमिक शाळेत आहे. धर्मशिक्षणाच्या तासाचा हा फायदा कुणी ठरवून केलेला नव्हता, पण झाला.

पोर्तुगालमध्ये मार्कोश जॉर्ज नावाच्या जेझुइटाने मुलांसाठी प्रश्नोत्तरांची दोतोर्न लिहिली होती. पोर्तुगीज साम्राज्यात ब्राझीलपासून जपानपर्यंत ती नमुना म्हणून वापरली गेली. स्टीफन्स यांनी तीच कोंकणीत उतरवली. गुरू आणि शिष्य यांचं बोलणं. क्रुसाची खूण कशी करायची, स्वर्गातल्या बापाची प्रार्थना, मारियेची प्रार्थना, दहा आज्ञा, संस्कार. पण ती साष्टीतल्या पोराच्या तोंडी बसेल अशा बोलीत. ज्या भाषेत पोराला आई हाक मारते, त्याच भाषेत त्याला देवाचं नाव सांगायचं. या पुस्तकामागे दुसरं काही तत्त्वज्ञान असेल असं वाटत नाही.

शब्दांची निवड मात्र डोकं लावून केलेली. पोर्तुगीज संज्ञा जिथे टाळता येत नव्हत्या तिथे ठेवल्या, बाकी ठिकाणी इथलेच शब्द घेतले. पुराणात तर ते आणखी पुढे गेले. स्वर्गाला सरळ वैकुंठ म्हटलं. मुक्ती, मोक्ष, पाप, पुण्य, सगळे ओळखीचे शब्द. ओवीचा छंद तोच, आरंभीचं वंदन तशाच थाटाचं, फक्त वंदन कुणाला ते बदललेलं. ऐकणाऱ्याला वाटावं की आपलंच काहीतरी चाललंय. याला काही जण चतुराई म्हणतात, काही जण प्रेम. दोन्ही एकाच माणसात असू शकतं.

पुराणाचे दोन भाग. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून बायबलच्या जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशू ख्रिस्ताचं चरित्र. एकूण पंच्याण्णव अध्याय, त्यांना तिथे अवस्वरू म्हटलंय. भाषेबद्दल त्यांनी आपल्या मनोगतात स्पष्ट केलं आहे की हे मराठीत लिहिलंय, कारण अशा विषयाला ती योग्य, आणि सामान्य माणसाला समजावं म्हणून मध्ये मध्ये इथल्या बोलीतले शब्द घातलेत. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी एका विल्टशायरच्या माणसाने सीमाभागातली मिसळलेली मराठी जाणूनबुजून लिहिली. तीच मिसळ आज निवडणुकीच्या भाषणात कुणाला खटकते आणि कुणाला अभिमानाची वाटते.

पुस्तक लिहून झालं तरी छापायचं कसं, हा पुढचा पेच. स्टीफन्स यांची इच्छा होती की इथल्या लोकांच्या लिपीतच छापावं. १६०८ मध्ये त्यांनी रोममधल्या आपल्या वरिष्ठांना तसं कळवलंही. पण हिशेब जुळेना. रोमन लिपीला चोवीस खिळे पुरतात. इथल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं धरून सहाशेच्या वर साचे लागतात. एवढे साचे कोरणार कोण, ओतणार कोण आणि पैसा देणार कोण? शेवटी राशोलच्या छापखान्यात १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापलं गेलं. खिळ्यांच्या खर्चापायी घेतलेला हा निर्णय. पण त्याचे परिणाम गोव्यात आजही वसूल होताहेत.

राशोल मडगावपासून जवळच, जुवारीच्या काठी. किल्ल्याची वेस अजून आहे आणि जेझुइटांची ती मोठी पांढरी इमारत पाद्री घडवणारी सेमिनरी म्हणून आजही चालू आहे. साष्टीचं कॉलेज कधी मडगावात, कधी राशोलला असं हललं. स्टीफन्स यांनी त्याचं प्रमुखपदही सांभाळलं.

१६१९ मध्ये फादर स्टीफन्स वारले. वय सत्तरीच्या घरात. मुलांसाठी लिहिलेली दोतोर्न छापलेली पाहायला ते राहिले नाहीत. ती राशोललाच १६२२ मध्ये बाहेर पडली. कोंकणीतलं जुन्यात जुनं छापील पुस्तक म्हणून आज तिचं नाव घेतलं जातं. मराठीच्या इतिहासात त्यांच्या पुराणाला केवढा मान, आणि मुलांच्या या छोट्या पुस्तकाचा मराठीत उल्लेखही क्वचित. त्यांनी लिहिलेलं कोंकणीचं व्याकरण दियोगु रिबेरु यांनी वाढवून १६४० मध्ये छापलं. नव्याने येणाऱ्या पाद्रीने पोरांसमोर उभं राहण्याआधी त्यांची भाषा शिकावी, हा त्यामागचा हेतू. पोरांना आपली भाषा शिकवण्याआधी गुरुजीने पोरांची शिकायची, हा क्रम तेव्हा चर्चलाही मान्य होता. १६०६ च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने स्थानिक भाषा येत नसलेल्या पाद्रीला गावचं चर्च देऊ नये, असंच ठरवलं होतं.

पुराणाच्या १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुवा यांनी स्टीफन्स यांच्याच वाटेने जाऊन सेंट पीटरवर मराठी पुराण रचलं. चर्चमध्ये रविवारी आणि सणाला पुराण वाचायचं, लोकांनी ऐकायचं, अशी रीत पडली.

मग वारं फिरलं. १६८३ च्या अखेरीस छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा साष्टी आणि बार्देशात घुसल्या. पोर्तुगीज सत्ता जाता जाता राहिली. त्यानंतर काही महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने फर्मान काढलं. लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं, आणि पाद्री व शाळामास्तरांनी पोर्तुगीजमधूनच शिकवावं. तीन वर्षांत मातृभाषा बदलायची! हुकूम काढणाऱ्याने कधी स्वतःच्या घरातल्या लहान मुलाला बोलायला शिकताना पाहिलं होतं की नाही, देव जाणे.

लोकांनी अर्थातच घरात कोंकणी सोडली नाही. पण शाळेतून ती गेली. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या पोंबाल या मंत्र्याने जेझुइटांनाच हद्दपार केलं, त्यांची कॉलेजं सरकारजमा झाली. १८१२ मध्ये तर गोव्याच्या आर्चबिशपनेच शाळेत मुलांना कोंकणी बोलायला मनाई केली. ज्या चर्चच्या पाद्रीने दोनशे वर्षांपूर्वी मुलांसाठी कोंकणीत पहिलं पुस्तक लिहिलं, त्याच चर्चचा हा आदेश.

'ख्रिस्तपुराणा'च्या तिन्ही जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग ग्रंथ वाचला कसा? तो वाचवला कानडी मुलखातल्या लोकांनी. साष्टी-बार्देशातून कधी दुष्काळापायी, कधी इन्क्विझिशनच्या धाकाने, कधी लढायांमुळे निघालेली ख्रिस्ती कुटुंबं कारवार, होन्नावर, मंगळूरकडे गेली. जाताना बरोबर पुराण नेलं. मंगळूरच्या घरांत हाताने उतरवलेल्या रोमन लिपीतल्या प्रती जपल्या गेल्या. आजूबाजूला तुळू आणि कानडी, घरात कोंकणी, आणि वाचायचं मराठी पुराण. या प्रती जुळवून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळुरात ग्रंथ छापला, तेव्हा कुठे मराठी अभ्यासकांना तो मिळाला. पुढे लंडनमध्ये विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात देवनागरी लिपीतलं हस्तलिखित सापडलं. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. स्टीफन्स यांना हवी होती ती लिपी त्यांच्या पुराणाला छपाईत मिळाली ती अशी, ३४० वर्षांनी.

आणि पोरांची दोतोर्न? मारियानु साल्ढाणा यांनी १९४५ मध्ये लिस्बनमध्ये तिची जशीच्या तशी आवृत्ती छापली. पुस्तक पोर्तुगालमध्ये, आणि ती भाषा बोलणारी पोरं गोव्यात.

स्टीफन्स यांनी चारशे वर्षांपूर्वी जो प्रश्न आपल्यापुरता सोडवला, तो गोव्यातल्या चर्चच्या प्राथमिक शाळांमध्ये अजून सुटलेला नाही. मुक्तीनंतर या शाळा बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या होत्या. १९९० मध्ये सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळेला अनुदान फक्त भारतीय भाषेच्या माध्यमाला. तेव्हा आर्चडायोसिसच्या शाळा कोंकणीकडे वळल्या, तीही देवनागरीतून. चर्चमध्ये प्रार्थनेचं पुस्तक रोमी लिपीत आणि शाळेत कोंकणीचं पुस्तक देवनागरीत, अशी त्या पोरांची स्थिती झाली. २०११ मध्ये सरकारने इंग्रजी शाळांनाही अनुदान खुलं केलं आणि पुन्हा रस्त्यावर आंदोलनं झाली. पालकांचं म्हणणं, इंग्रजीशिवाय पोट भरत नाही. भाषावाद्यांचं म्हणणं, मातृभाषा गेली तर राहिलं काय. दोघांचंही खोटं नाही. सीमाभागात मराठी शाळा बंद पडताना पाहिलेल्यांना हे बोलणं परकं वाटू नये.

एक बाब मात्र साफ बदलली. त्या काळच्या कायद्यांखाली आईच्या कुशीतून पोर उचलता येत होतं. आता राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार, सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत अज्ञान मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. म्हणून कॅथलिक शाळांत ख्रिस्ती मुलं दोतोर्नच्या तासाला जातात आणि बाकीची मुलं मूल्यशिक्षणाच्या.

पर्वरीत जेझुइटांनी चालवलेलं कोंकणी संशोधनाचं केंद्र आहे. त्याला नाव थॉमस स्टीफन्स यांचंच दिलंय. मराठीवाले त्यांना मराठीचे म्हणतात, कोंकणीवाले कोंकणीचे. केंद्रात रोमी लिपीतल्या कोंकणीचं काम चालतं, म्हणजे त्याच लिपीचं, जी फादर स्टीफन्स यांनी साचे परवडेनात म्हणून नाइलाजाने घेतली होती.